प्रशिक्षक ठेवावा की बदलावा?

१९९० सालच्या जानेवारीची ७ तारीख. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरी एफ. ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीतील एक सामना होता. यजमान संघ नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि पाहुणा संघ मँचेस्टर युनायटेड. त्या दिवशी अनेकांचे लक्ष चेंडूपेक्षा मैदानाच्या कडेला बसलेल्या एका गृहस्थांकडेच अधिक होते. ते होते युनायटेडचे प्रशिक्षक – इंग्लंडात ज्यांना मॅनेजर म्हणतात ते – अ‍ॅलेक्स फर्ग्युसन.

त्यांना या पदावर येऊन तीन वर्षे उलटून गेली होती, आणि या तीन वर्षांत संघाला एकही चषक मिळाला नव्हता. सप्टेंबरमध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने त्यांचा पाच विरुद्ध एक अशा गोलांनी पराभव केला होता. डिसेंबरचा सारा महिना लीगमधील एकाही विजयावाचून गेला होता. संघाच्या स्वतःच्याच मैदानावर एका प्रेक्षकाने ‘आता निघा’ अशा अर्थाचा फलक झळकविला होता. हा सामना हरला तर फर्ग्युसन यांची गच्छंती अटळ, असे वृत्तपत्रे उघड उघड लिहू लागली होती.

सामन्यात मार्क रॉबिन्स या वीस वर्षांच्या तरुणाने डोक्याने एक गोल केला आणि युनायटेडने तो एका गोलाने जिंकला. पुढे मे महिन्यात तोच चषक त्यांनी पटकावला. १९९३ साली सव्वीस वर्षांच्या खंडानंतर लीगचे विजेतेपद आले. २०१३ साली फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या कारकीर्दीत लीगची तेरा विजेतेपदे जमा झाली होती.

ही कथा आता सर्वतोमुखी झाली आहे, आणि तिचे तात्पर्यही ठरून गेले आहे : धीर धरा, प्रशिक्षकाला वेळ द्या, फळ अवश्य मिळेल. परंतु हे तात्पर्य जितके गोड तितकेच अपुरे आहे. ज्या प्रशिक्षकांना वेळ दिला आणि तरीही ज्यांचे संघ बुडाले, त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. तेव्हा एका भाग्यवान उदाहरणावरून नियम न बांधता, या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करणे इष्ट होईल.

प्रथम संचालकांची बाजू पाहू. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून दरवर्षी तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. तसे झाले की उत्पन्न एकदम आटते, चांगले खेळाडू विकावे लागतात, आणि कचेरीतील कारकुनापासून मैदानाच्या माळ्यापर्यंत कित्येकांच्या पोटावर पाय येतो. पंचवीस खेळाडू ऐन हंगामात बदलता येत नाहीत. एक प्रशिक्षक मात्र एका रात्रीत बदलता येतो. म्हणून संचालकांचा हात तिकडेच वळतो. त्यांच्या या अधीरतेमागे भय आहे, आणि ते भय खोटे नाही.

लेस्टर सिटीचे उदाहरण घ्या. २०१५-१६ च्या हंगामात क्लाउडिओ रानिएरी या इटालियन प्रशिक्षकाच्या हाताखाली या संघाने लीगचे विजेतेपद मिळविले. हंगामाच्या आरंभी पैज लावणाऱ्यांनी त्यांच्या विजयाचा भाव एकास पाच हजार असा ठेवला होता, यावरून हा पराक्रम किती अनपेक्षित होता हे ध्यानात येईल. परंतु पुढच्याच हंगामात संघ घसरला. २०१७ साल उजाडल्यापासून लीगमध्ये त्यांना एकही गोल करता आला नव्हता. अखेर २३ फेब्रुवारीला, विजेतेपदानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, रानिएरी यांना निरोप देण्यात आला. सारे फुटबॉलजगत हळहळले. कृतघ्नतेचा आरोपही झाला. परंतु त्यांचे साहाय्यक क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे सूत्रे जाताच संघाने लीगमधील लागोपाठ पाच सामने जिंकले आणि बारावे स्थान गाठले.

मग रानिएरी यांना काढले हे योग्यच झाले, असे म्हणावयाचे काय? येथेच एक सूक्ष्म फसगत आहे. आपल्याकडे ताप सात-आठ दिवस चढता राहतो. घरची माणसे घाबरतात आणि सातव्या दिवशी कोणीतरी अंगारा लावतो. आठव्या दिवशी ताप उतरतो. श्रेय अंगाऱ्याला मिळते; पण ताप उतरावयाचाच होता, हे कोणी लक्षात घेत नाही. संघाचेही तसेच आहे. दैव प्रतिकूल, खेळाडू जायबंदी, चेंडू खांबाला लागून परत येणारा, असा काळ सतत टिकत नाही. प्रशिक्षक काढला जातो तो नेमका अशा काळाच्या तळाशी; आणि तळाच्या पुढे चढ असणे हे स्वाभाविकच होय.

हे केवळ तर्कट नव्हे. नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील तेथील सर्वोच्च श्रेणीच्या संघांचा अभ्यास केला. प्रशिक्षक काढल्यानंतर संघाची कामगिरी सुधारते, असे त्यांना आढळले. परंतु ज्या संघांची तितकीच घसरण झाली होती आणि तरीही ज्यांनी प्रशिक्षक कायम ठेवला होता, त्यांचीही कामगिरी तशीच सुधारली होती! लेस्टरच्या बाबतीतही पुढची हकिकत बोलकी आहे. ज्या शेक्सपिअर यांनी संघ सावरला, त्यांना जूनमध्ये कायम करण्यात आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दूर करण्यात आले.

यावरून प्रशिक्षक कधीच बदलू नये, असे मात्र निष्पन्न होत नाही. खेळाडूंचा विश्वास ज्याच्यावरून उडाला आहे, अशा शिक्षकाला केवळ धैर्याच्या नावाखाली ठेवणे म्हणजे त्याचीही विटंबना आणि संघाचीही हानी. तेव्हा खरा प्रश्न धीर धरावा की न धरावा हा नसून, निकालांच्या तक्त्याखेरीज आणखी काय पाहावे, हा आहे.

माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, संघ हरतो तो कसा? गोल करण्याच्या संधी निर्माण होतात पण साधत नाहीत, की संधीच निर्माण होत नाहीत? अलीकडे प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता किती होती, याचेही गणित मांडले जाते. नशीब आणि खेळ यांची त्यामुळे काहीशी फोड करता येते. दुसरी गोष्ट, सरावाच्या मैदानावर खेळाडू त्याचे ऐकतात काय? तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आज न दिसणारे असे काही तो उभारीत आहे काय?

फर्ग्युसन यांच्या बाबतीत उत्तर या तिसऱ्या प्रश्नात होते. त्यांनी संघातील मद्यपानाच्या सवयीला आळा घालण्यासाठी नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅकग्रा यांच्यासारखे लोकप्रिय खेळाडू विकले. गावोगावची होतकरू मुले हेरणारी माणसे वाढविली. याच काळात रायन गिग्ज हा शाळकरी मुलगा युनायटेडकडे आला. १९९२ साली या मुलांनी युवकांचा चषक जिंकला. त्यांत डेव्हिड बेकहॅम, निकी बट आणि गॅरी नेव्हिल होते. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स आणि संचालक बॉबी चार्ल्टन यांना हे काम दिसत होते. फॉरेस्टविरुद्धचा तो सामना हरलो असतो तरी आम्ही त्यांना काढणार नव्हतो, असे पुढे क्लबच्या सूत्रधारांनी सांगितले आहे. प्रेक्षकांना घर दिसत नव्हते, कारण पायाच अजून भरला जात होता. पायाची पाहणी करणारे मात्र निश्चिंत होते.

हीच दृष्टी नसेल तर नुसता लांबलचक करारही उपयोगी पडत नाही. फर्ग्युसन यांच्यानंतर डेव्हिड मॉइस यांना याच क्लबने सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत, २०१४ च्या एप्रिलमध्ये, त्यांना दूर केले. त्यानंतर एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले. फर्ग्युसन यांच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या बारा हंगामांत लीगचे विजेतेपद काही परत आले नाही.

शेवटी त्या जानेवारीच्या सामन्यातील आणखी एक गोष्ट सांगतो. फर्ग्युसन यांना १९७८ साली स्कॉटलंडमधील सेंट मिरेन या क्लबने कामावरून काढले होते. आणि त्या दिवशी फॉरेस्टच्या बाजूस बसलेले ब्रायन क्लफ यांना १९७४ साली लीड्स युनायटेडने अवघ्या चव्वेचाळीस दिवसांत घरी पाठविले होते. त्याच क्लफ यांनी पुढे फॉरेस्टसारख्या लहान क्लबला १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपीय चषक मिळवून दिला. म्हणजे त्या मैदानाच्या कडेला दोन्ही बाजूंना, कोणीतरी कधीकाळी ‘निरुपयोगी’ ठरविलेली माणसे बसली होती. प्रशिक्षकाला काढण्याचा हक्क संचालकांना आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु तो बजाविण्यापूर्वी, आपण माणूस पारखीत आहोत की केवळ गेल्या शनिवारचा निकाल वाचीत आहोत, एवढे त्यांनी स्वतःस विचारून पाहावे.