पत्ते कधी उघडायचे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी जवळ आली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये घरोघरी तीन पत्तीच्या बैठका बसतात. हल्ली त्यांत पोकरही असतो. पत्ते दाखवण्यावरून तिथे मित्रामित्रांत हमखास वाजते. नियम आधीच माहीत असले, तर हे टळू शकते.

गैरसमज : जिंकणाऱ्याने पत्ते दाखवलेच पाहिजेत.
वस्तुस्थिती : बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, तर उरलेला खेळाडू ते न उघडता पैसे घेतो. दोन्ही खेळांत हाच नियम आहे. ज्याला पाहायचे असतील, त्याने शेवटपर्यंत पैसे लावावेत.

गैरसमज : तीन पत्तीत शो कधीही मागता येतो.
वस्तुस्थिती : शो, म्हणजे पत्ते उघडून तुलना, दोघेच उरल्यावर मागता येतो. त्याआधी फक्त साइड शो, म्हणजे दोघांनी आपसात पत्ते ताडून पाहणे. तोही पत्ते पाहिलेल्याने आपल्या लगेच आधीच्या, पत्ते पाहिलेल्या खेळाडूकडे मागायचा. समोरचा नकार देऊ शकतो. प्रचलित नियमानुसार दोघांचे पत्ते सारखे निघाले, तर मागणारा हरतो. शो मागावा का, हे ठरवताना हेही ध्यानात घ्या : तीन पत्त्यांचे 22,100 हात शक्य आहेत. त्यांपैकी 16,440 हातांत जोडी, सिक्वेन्स, कलर काहीच नसते. त्यामुळे साधी जोडीही बरीच मोलाची. मात्र चाल वाढवत शेवटपर्यंत टिकलेल्याकडे बहुधा बरा हात असतो, हे शो मागताना विसरू नये.

गैरसमज : पोकरमध्ये कोणीही आधी दाखवले तरी चालते.
वस्तुस्थिती : शेवटच्या फेरीत ज्याने सर्वांत शेवटी पैज लावली किंवा वाढवली, त्याने आधी उघडायचे. कुणीच पैज लावली नसेल, तर डीलर बटणाच्या (वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडून सुरुवात होते. आपणच जिंकलो हे ठाऊक असेल, तर पाळीची वाट न पाहता पत्ते उघडावेत. समोरच्याला मुद्दाम ताटकळत ठेवणे हा त्याचा अपमान आहे.

गैरसमज : 'माझा फ्लश' म्हटले की पुरे.
वस्तुस्थिती : निकाल उघड्या पत्त्यांवरच लागतो. पत्ते पालथे टाकून ढिगाऱ्यात मिसळले, की जिंकणारा हातही बाद होतो. म्हणून पैसे हाती येईपर्यंत पत्ते सोडू नका.

गैरसमज : ब्लफ दाखवला की दरारा बसतो.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा आपण खेळतो कसे, हे समोरच्याला फुकट कळते. शिवाय एकाला दाखवले, तर सगळ्यांना दाखवावे लागते.

गैरसमज : पोकर कौशल्याचा खेळ आहे, म्हणून ऑनलाइन पैसे लावता येतात.
वस्तुस्थिती : ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेला कायदा कौशल्य आणि नशीब असा भेद करत नाही, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. दिल्लीत 1955 चा सार्वजनिक जुगार कायदाही आहे. त्यानुसार यजमानाने बैठकीतून कमिशन घेतले, तर त्याचे घर जुगाराचा अड्डा ठरू शकते.

घरी खेळताना शो, साइड शो आणि पत्ते उघडण्याचा क्रम पहिला डाव वाटण्याआधीच सर्वांसमोर ठरवा. मैत्री कोणत्याही डावापेक्षा मोठी आहे.