मुलांच्या तोंडावरच्या पिवळ्या खपल्या

पावसाळा आला की अनेक घरांत हे दृश्य दिसते. मुलाच्या नाकाखाली किंवा ओठांच्या कडेला पुटकुळी येते, फुटते, लस वाहते आणि वर मधाच्या रंगाची खपली धरते. दोन दिवसांत तशीच खपली हनुवटीवर, हातावर दिसू लागते. "उष्णता आहे, आपोआप जाईल," असे म्हणून आपण ते सोडून देतो. तसे करू नये, एवढेच आम्हाला माताभगिनींना सांगायचे आहे.

हा आजार उष्णतेचा नाही. त्याचे नाव इम्पेटिगो. स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूंमुळे तो होतो आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांत जास्त आढळतो. डास चावल्यावर खाजवलेली जागा, खरचटणे, खरूज यांतून जंतू कातडीत शिरतात. मग मुलाच्या नखांतून आणि टॉवेलमधून ते घरभर पसरतात.

उपचार सोपा आहे. कोमट पाण्याने व साबणाने खपली भिजवून मऊ कापडाने हळूच पुसावी. डॉक्टरांनी दिलेले म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचे मलम साधारण ५ दिवस लावावे. चट्टे पुष्कळ असतील किंवा ताप असेल, तर पोटात घ्यायचे औषध लागते. बरे वाटले तरी ते मध्येच थांबवू नये. मुळाशी खरूज असेल तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा, नाहीतर दुखणे पुन्हा उलटते.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नये. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने लाली दबते, पण जंतू आत वाढत राहतात.

मुलाची नखे कापावीत, टॉवेल व उशीचा अभ्रा वेगळा ठेवून गरम पाण्यात धुवावा. वुजूनंतर एकाच टॉवेलला सगळ्यांनी तोंड पुसण्याची सवयही मोडावी. उपचार सुरू होऊन २४ तास होईपर्यंत मुलाला शाळेत किंवा मकतबात पाठवू नये.

स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते, तीही कातडी बरी झाल्यावर, साधारण ३ आठवड्यांनी. चेहरा सुजणे, लघवी कमी होणे किंवा चहासारखी काळपट होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लाली झपाट्याने पसरत असेल, ती जागा गरम व दुखरी लागत असेल, तरीही थांबू नये.