सडपातळ माणसालाही ‘शुगर’ होते

मधुमेह हा शहरातल्या, बैठे काम करणाऱ्या, वजनदार माणसांचा आजार आहे, ही समजूत जालना जिल्ह्यात अजूनही घट्ट आहे. ‘आम्ही कष्टाची माणसं, अंगावर मांस नाही, आम्हाला कुठली शुगर?’ असे मंठा-भोकरदनकडचा शेतकरी सहज बोलून जातो. हाच समज आता महागात पडतो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत आहेत. मधुमेहाचे प्रमाण शहरात जास्त आहे, पण पूर्वमधुमेहाचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळपास सारखे आहे. म्हणजे उद्याचा मधुमेह खेड्यातही शहराइतकाच तयार होतो आहे.

उपासमारीचा वारसा

सडपातळ माणसाला साखरेचा विकार का व्हावा? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून मात्र चरबीचा वाटा जास्त. हीच मुले १८ वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची रक्तशर्करा बिघडलेली आढळली. विशेष म्हणजे या तरुणांपैकी जवळपास निम्म्यांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते.

आईच्या पोटात अन्न कमी पडले की बाळाचे शरीर काटकसर शिकते. मेंदूला आधी पुरवते आणि स्वादुपिंड व स्नायू यांच्या वाढीवर कात्री लावते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांमध्ये मोठेपणी साखर पेलण्याची क्षमता कमी झालेली दिसली. जालन्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या आयांच्या पोटची मुले आज पन्नाशीत आहेत. टंचाईत घडलेल्या शरीराला पुढे भरल्या ताटाचे, साखरेच्या चहाचे आणि मोटारसायकलचे दिवस आले, की धोका थोड्याशा पोट सुटण्यानेही वाढतो.

तराजूपेक्षा सुतळी बरी

म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नये. आपल्या उंचीइतकी सुतळी घ्यावी, मधोमध दुमडावी आणि पोट आत न ओढता कमरेभोवती गुंडाळावी. टोके एकमेकांना भिडली नाहीत, तर पोटावरची चरबी वाढली आहे असे समजावे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही ठेवण निरुपद्रवी नाही.

भाकरी हवी, पण जोडीला वरणही

गव्हाची पोळी सोडून ज्वारी-बाजरीकडे वळणे चांगलेच. पण चार भाकरी आणि ठेचा हे जेवण मुख्यतः पिष्टाचेच राहते. दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेली मटकी, भरपूर पालेभाजी आणि सोबत दही किंवा अंडे, असे ताट साखर हळूहळू वाढवते आणि स्नायूंनाही पोसते. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी, एवढा क्रम बदलला तरी फरक पडतो.

चहाचा हिशेब मात्र प्रत्येकाने मांडावा. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या पाच कपांत ५० ग्रॅम होते. महिन्याला दीड किलो. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणे उत्तम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. साखरेऐवजी गूळ घातल्याने हा हिशेब बदलत नाही.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ती जरूर खावी. पण फोडी चावून खावी. तीन-चार मोसंब्यांच्या रसात साखर घालून प्यायलेला ग्लास म्हणजे चोथा टाकून घेतलेली साखर.

कष्ट गेले, भूक राहिली

नांगरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने आणि शेतावर जाणे दुचाकीने होऊ लागले. खळ्यावरचे कष्ट गेले, जेवण मात्र तेवढेच राहिले. जेवणातून आलेली साखर सामावून घेणारी सर्वांत मोठी कणगी म्हणजे आपले स्नायू. ते हलले तरच ही कणगी रिकामी होते. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे आणि एकूण आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाझप चालावे. जोडीला आठवड्यातून दोन दिवस उठाबशा किंवा वजन उचलण्याचे व्यायाम करावेत. बारीक माणसाला तर स्नायू वाढवणे अधिकच गरजेचे आहे.

औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना धोका जास्त असतो, कारण अवेळी जेवण आणि तुटक झोप यांनी इन्सुलिनचे काम बिघडते. त्यांनी मुख्य जेवण पाळीआधी घ्यावे, मध्यरात्रीनंतर जड खाणे टाळावे आणि दिवसा खोलीत अंधार करून सलग झोपावे. तंबाखू आणि बिडीनेही धोका वाढतो.

वजन न घटताही फायदा

एवढ्याने खरेच काही होते का? चेन्नईत पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांत, नेहमीसारखेच राहणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याची सवय लावलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. या लोकांचे वजन फारसे घटलेले नव्हते. म्हणजे सडपातळ माणसालाही या सवयींतून मिळवण्यासारखे बरेच आहे.

मात्र पूर्वमधुमेह दुखत नाही, खुपत नाही. तो तपासणीतच सापडतो. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी गावच्या आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंकडे चौकशी करावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी ५.७ ते ६.४ आली, तर ती सवयी बदलण्याची वेळ समजावी आणि दरवर्षी पुन्हा तपासावे. आईवडिलांना मधुमेह असेल किंवा गरोदरपणी साखर वाढली असेल, तर तिशीचीही वाट पाहू नये. ज्यांना आधीच औषधे सुरू आहेत, त्यांनी ती मनाने बंद करू नयेत.

आणखी एक सवय घराघरात बदलायला हवी. घरातली मुलगी आणि सून सर्वांत शेवटी, उरलेसुरले खात असेल, तर पुढच्या पिढीचा मधुमेह त्याच ताटात सुरू होतो. तिच्या वाट्याचे वरण, दूध आणि अंडे आज तिला मिळाले, तर तिच्या बाळाच्या साखरेची काळजी जन्माआधीच घेतली जाईल.