विश्लेषण : खर्रा ही ‘सवय’ की व्यसन? ओळखायचे कसे आणि उपचार काय?

चंद्रपूर-गडचिरोलीत दारूवर मोर्चे निघाले, निवडणुका गाजल्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. खर्ऱ्याकडे मात्र ‘एवढं काय त्यात’ म्हणूनच पाहिले जाते. पोलीस भरतीचा सराव करणारा मुलगा, धान रोवणाऱ्या बाया, कार्यालयातला बाबू, सगळ्यांच्या खिशात किंवा कमरेला पन्नी असतेच.

खर्ऱ्यात असते काय?

सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटला की खर्रा तयार. पश्चिम महाराष्ट्रात यालाच मावा म्हणतात. तंबाखूतले निकोटिन हे उत्तेजक आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. सुपारीतही ॲरेकोलिन नावाचे उत्तेजक द्रव्य असते, हे फारसे कुणी सांगत नाही. म्हणजे एका पन्नीत दोन व्यसने. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरते. म्हणूनच ‘तरतरी’ येते, भूक मरते आणि थोड्या वेळाने पुन्हा तलफ लागते.

सवय संपून व्यसन कधी सुरू होते?

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो साधा आहे : झोपेतून उठल्यावर पहिला खर्रा किती वेळात लागतो? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर शरीर निकोटिनवर अवलंबून आहे असे समजावे. ‘खर्रा खाल्ल्याशिवाय संडासला होत नाही’ हे गावोगावी ऐकू येणारे वाक्यही त्याचेच लक्षण. निकोटिन आतड्यांनाही चालना देते. एक दिवस सोडून पाहिले तर चिडचिड, डोके दुखणे, झोप न लागणे, कामात लक्ष न लागणे सुरू होते. बरेच जण इथेच हरतात आणि ‘मला सूट होत नाही सोडणं’ म्हणतात. प्रत्यक्षात हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

तोंडाची तपासणी घरीच करता येते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, भाजी अचानक जास्त तिखट लागू लागली असेल किंवा पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. सुपारीमुळे तोंडातली त्वचा आखडत जाते आणि हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो.

औषध मिळते का?

मिळते. निकोटिनची च्युइंगगम किंवा त्वचेवर लावायची पट्टी सहसा आठ ते बारा आठवडे, मात्रा कमी करत देतात. गम मात्र चघळत राहायची नसते. थोडी चावून गालात ठेवायची असते. (खर्रा खाणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.) चहा पिताना ती घेतली तर परिणाम कमी होतो. तोंडच उघडत नसेल तर पट्टी बरी. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. गरोदर स्त्रियांनी कोणतेही औषध परस्पर सुरू करू नये.

ही औषधे निकोटिनवर चालतात, सुपारीवर नाही. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ ही पळवाट महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. तिच्यासाठी समुपदेशन हाच मुख्य उपाय.

मदत कुठे?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहभागातून ‘मुक्तिपथ’ हे दारू आणि तंबाखूविरोधी अभियान उभे राहिले. गावसंघटनांबरोबरच तालुक्यांत उपचार क्लिनिक चालवणे हा त्याचा भाग. तंबाखू सोडण्यासाठी देशभरात १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. पण पानठेल्यावर घोटलेल्या खर्ऱ्याच्या पन्नीवर ना इशारा असतो, ना तो क्रमांक. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज, त्यांच्या हातात तो पोहोचतच नाही.