खेळ किती वॅटचा?

मुलासाठी गेमिंग कॉम्प्युटर घेतला आणि विजेचं बिल चढलं. आता दोष त्या यंत्राचा की उन्हाळ्यातल्या एसीचा, हे कसं ओळखायचं, असं एका वाचक बाईंनी पत्रातून विचारलं होतं. संपादकांनी ते पत्र माझ्या हाती दिलं आणि ‘नेमका आकडा घेऊन या’ म्हणाल्या.

मुंबईत हा प्रश्न घेऊन जायची जागा म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून कोणी त्या नावानं पत्ता विचारत नाही. एके काळी हा रस्ता सिनेमागृहांचा होता, मिनर्व्हा इथलंच. रेडिओचे सुटे भाग, मग टीव्ही, व्हीसीआर आणि अखेर कॉम्प्युटर, असा इथला बाजार बदलत गेला. आज दुकानादुकानांत काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांचे पंखे फिरताना दिसतात. इतिहास एवढा पुरे. मला भेटायचं होतं ते ही यंत्रं जुळवणाऱ्या माणसाला.

ते एका दुकानाच्या पोटमाळ्यावर बसतात. रोज डोंबिवलीहून येतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. त्यांच्या टेबलावर पेचकस, थर्मल पेस्टच्या ट्यूब, केबल बांधायच्या पट्ट्या, आणि भिंतीवरच्या प्लगमध्ये कायमचा खोचलेला एक छोटा वॅटमीटर. जुळवलेलं प्रत्येक यंत्र ते या मीटरमधून चालवून बघतात आणि वॅटचा आकडा बिलाच्या मागे पेनानं लिहून देतात. ‘मालकांनी सांगितलंय का?’ मी विचारलं. ‘नाही हो. गिऱ्हाईक नंतर फोन करून विचारतं, तेव्हा उत्तर हवं ना माझ्याकडे.’

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ठरलेला आहे. एसएमपीएसच्या खोक्यावर 850 वॅट लिहिलेलं असतं. ते वाचून आईवडील घाबरतात: म्हणजे हा साडेआठशे वॅट खाणार? त्यावर या गृहस्थांचं उत्तरही ठरलेलं आहे. ‘गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली म्हणून तुम्ही रोज हजार लिटर पाणी वापरता का काकू?’

हा एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी बसलेली काळी पेटी. दिवे नाहीत, रंग नाहीत, जाहिरातीत तिचं चित्रही सहसा नसतं. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ तिच्यापाशीच रमलो. भिंतीतून येते 230 व्होल्टची, सेकंदाला 100 वेळा दिशा बदलणारी वीज. आतल्या चिपांना हवी असते एकाच दिशेची, आणि तीही जेमतेम एखाद्या व्होल्टची. पूर्वी हे काम लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर करायचा. एसएमपीएस वेगळी वाट धरतो. आलेली वीज तो आधी सरळ करून घेतो, चारशे व्होल्टच्या आसपास चढवतो, आणि मग सेकंदाला हजारो, कधी लाखाहून अधिक वेळा तिचे तुकडे पाडतो. इतक्या वेगानं तोडलेल्या विजेला ट्रान्सफॉर्मर चिमुकला पुरतो, आठशे वॅटसाठीही मुठीत मावेल एवढाच. त्यातून बाहेर पडते 12 व्होल्टची वीज; तिला चिपच्या व्होल्टापर्यंत उतरवण्याचं काम मदरबोर्डावरचे आणि चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरचे वेगळे भाग करतात.

या सगळ्या तोडजोडीत थोडी वीज उष्णता होऊन जातेच. ती किती जाते, यावर पेटीची प्रत ठरते. 2004 साली अमेरिकेत ‘80 प्लस’ नावाची प्रमाणपत्रं सुरू झाली. पेटीत शिरलेल्या विजेपैकी किमान 80 टक्के बाहेर पडली पाहिजे, ही पहिली अट. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या. गोल्ड पेटी निम्म्या भारावर 90 टक्क्यांपर्यंत जाते. हिशेब सोपा आहे. आतल्या भागांना 450 वॅट हवे असतील, तर साधी 80 टक्क्यांची पेटी भिंतीतून 562 वॅट ओढेल आणि गोल्ड 500. बासष्ट वॅटांचा हा फरक खेळणाऱ्याला पडद्यावर कधीच दिसत नाही, तो फक्त मीटरवर दिसतो. आणि तरीही गिऱ्हाईक काटछाट करायला बसलं की पहिली काट याच पेटीवर येते, असं पोटमाळ्यावरच्या त्या गृहस्थांनी सांगितलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती.

त्यांनी मला दोन यंत्रं मीटरवर लावून दाखवली. पहिलं मध्यम, आरटीएक्स 4060 कार्डाचं. डेस्कटॉपवर नुसतं उभं असताना मीटर साठ वॅटच्या आसपास. खेळ सुरू होताच सव्वादोनशे. दुसरं एका श्रीमंत गिऱ्हाइकाचं, आरटीएक्स 4090 घातलेलं. तेच दृश्य, तोच खेळ, आणि मीटर साडेपाचशेच्या पुढे. मॉनिटरचे तीस-चाळीस वॅट वेगळे.

म्हणजे आकडा एक नाहीच. पहिलं यंत्र रोज चार तास खेळलं तर दिवसाला 0.9 युनिट, महिन्याला 27. दुसरं तेवढाच वेळ खेळलं तर महिन्याला 66. आता यात एक गोष्ट मिळवा, जी मला खेळाहूनही महत्त्वाची वाटते. पहिलं यंत्र रात्री बंद न करता, काहीतरी डाउनलोड होतंय म्हणून, आठ तास तसंच साठ वॅटवर सोडलं, तर महिन्याला 14 युनिटं जातात. खेळण्याला लागणाऱ्या विजेच्या निम्म्याहून जास्त वीज, काहीही न खेळता. स्लीपमध्ये टाकलं असतं तर तेच यंत्र जेमतेम दोन-चार वॅटांवर उतरलं असतं.

हा भार वाढत कसा गेला, याची मुळं चिपच्या आत आहेत. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर त्याला लागणारं व्होल्टेजही उतरतं. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. तीस वर्षं उद्योग या सवलतीवर जगला. 2005 च्या सुमाराला ती संपली. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र त्या प्रमाणात उतरेना. मग जास्त चित्रं काढायची तर जास्त वॅटही ओतावे लागू लागले. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाचं वरच्या पातळीवरचं कार्ड 2016 मध्ये, म्हणजे जीटीएक्स 1080, 180 वॅटचं होतं. 2020 मधलं आरटीएक्स 3090 350 वॅटचं, 2022 मधलं 4090 450 वॅटचं, आणि 2025 मधलं 5090 तब्बल 575 वॅटचं. प्रत्येक पिढी एका वॅटमागे अधिक चित्रं काढते, हे खरं आहे आणि त्याचं कौतुक करायलाच हवं. पण ती बचत बिलात उतरत नाही; ती पडद्यावरच्या आणखी बारीक सावल्यांत खर्च होते.

खेळाच्या विजेचा गंभीर हिशेब मांडला तो एका बापलेकांनी. कॅलिफोर्नियात बर्कली इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतले ऊर्जा-अभ्यासक इव्हान मिल्स आणि त्यांचा मुलगा नॅथॅनियल यांनी 2015 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्राचे भाग एकेक करून बदलायचे आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं, ही त्यांची पद्धत. ठरावीक गेमिंग कॉम्प्युटर वर्षाला 1,400 युनिटं खातो, असा त्यांचा अंदाज निघाला. महिन्याला सुमारे 117 युनिटं; आपल्या महावितरणच्या शंभर युनिटांच्या पहिल्या स्लॅबपेक्षा जास्त, एका यंत्राला. जगातल्या पर्सनल कॉम्प्युटरांत ही यंत्रं अडीच टक्के, पण अशा सगळ्या कॉम्प्युटरांना लागणाऱ्या विजेतला त्यांचा वाटा 20 टक्के, असंही त्यांनी मांडलं. रोज बराच वेळ खेळणारा माणूस आणि त्या काळातली दणकट यंत्रं त्यांनी धरली होती, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्या घराला लावू नये. मिल्स यांच्याच चमूनं पुढे निरनिराळी साधनं मोजली, तेव्हा वर्षाला पाच युनिटांपासून बाराशे युनिटांपर्यंत फरक निघाला. हातातलं खेळाचं यंत्र एका टोकाला, टेबलाखालचा राक्षस दुसऱ्या टोकाला. मला त्यांच्या निबंधातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: भाग नीट निवडले आणि सेटिंग बदलली, तर खेळाची गोडी न घालवता तीन चतुर्थांश वीज वाचू शकते.

सेटिंग म्हणजे काय, ते पोटमाळ्यावर डोळ्यांसमोर पाहिलं. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं की त्याच वेगाला वीज 19 टक्के कमी लागते. मुलं याला ‘अंडरव्होल्ट’ म्हणतात. दुसरा उपाय त्याहून सोपा. मॉनिटर सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल, तर कार्डानं 200 काढण्यात अर्थ नाही; खेळातच या चित्रांना, म्हणजे फ्रेमना, मर्यादा घालता येते. त्या गृहस्थांनी ती 60 वर आणली आणि सव्वादोनशेवरचा मीटर बघता बघता दीडशेच्या खाली उतरला. पडद्यावरचा तरबेज खेळाडू होता दुकानातला हरकाम्या पोरगा. त्याला फरक कळला नाही.

मग हे सगळे करत का नाहीत? इथून पुढे मला काळजीच वाटू लागली.

एक तर यंत्र विकत घेताना ते कोणी सांगत नाही. कारखान्यातून कार्ड येतं ते स्पर्धेत एक टक्का पुढे दिसावं म्हणून कमाल व्होल्टेजवर ताणलेलं. त्या शेवटच्या काही टक्क्यांसाठी किती वॅट जळतात, हे खोक्यावर छापलेलं नसतं. दुसरं, वाढत्या भारानं यंत्राचा गाभाच कुरकुरू लागला आहे. आजची कार्डं क्षणभरासाठी, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, आपल्या नेहमीच्या भाराच्या दुप्पट उसळी मारतात. जुना एसएमपीएस तो बिघाड समजून बंद पडू शकतो. म्हणून 2022 च्या एटीएक्स 3.0 या मानकात अशी दुप्पट उसळी सोसण्याची अटच घालावी लागली. त्याच वर्षी आलेल्या सोळा पिनांच्या नव्या जोडणीतून 600 वॅट न्यायचे ठरले. भिंतीवर 230 व्होल्टला 600 वॅट म्हणजे तीन अँपिअरसुद्धा नाहीत. पण 12 व्होल्टला ते 50 अँपिअर होतात, आणि तेवढे बोटभर प्लगातून जायचे. 4090 बाजारात येऊन महिना होतो न होतो तोच वितळलेल्या प्लगांचे फोटो जगभरातून येऊ लागले. प्लग पूर्ण आत बसला नव्हता, असं एनव्हिडियानं कारण दिलं. पुढच्या वर्षी जोडणीचा आराखडा सुधारावा लागला. ‘आता प्लग लावल्यावर मी टॉर्च मारून बघतो,’ पोटमाळ्यावरचे गृहस्थ म्हणाले. ‘केसाएवढी फट नको.’

कायद्यानंही एकदा हात घालून पाहिला. कॅलिफोर्नियानं 2016 च्या डिसेंबरमध्ये कॉम्प्युटरांसाठी वीजमर्यादा ठरवली. तिचा कडक टप्पा 2021 च्या जुलैत लागू झाला, तेव्हा डेलनं आपल्या एलियनवेअर या गेमिंग मालिकेतली काही यंत्रं कॅलिफोर्नियासह सहा राज्यांत पाठवणं थांबवलं. पण तो नियम यंत्र रिकामं उभं, झोपलेलं किंवा बंद असताना किती वीज खातं, एवढंच मोजतो. प्रत्यक्ष खेळतानाच्या विजेला त्यात मर्यादा नाही. रिकाम्या वेळची उधळपट्टी थांबवली हे चांगलंच झालं, पण मूळ भूक तशीच राहिली.

आणि आपल्याकडे त्या भुकेला आणखी एक तोंड आहे. गेमिंग कॉम्प्युटरनं ओढलेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरतो. साडेपाचशे वॅटचं यंत्र दार लावलेल्या खोलीत चालणं म्हणजे मे महिन्यात साडेपाचशे वॅटचा हीटर लावणं. ती उष्णता बाहेर टाकायला एसीला आणखी सुमारे दीडशे वॅट लागतात. दोष यंत्राचा की एसीचा, याचं उत्तर असं गुंतलेलं आहे. शिवाय ही सगळी वीज घराच्या नेहमीच्या वापरावर चढते, म्हणून तिचा भाव बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा लागतो. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांवर स्लॅब बदलतो. 290 युनिटांच्या घरात 66 युनिटांची भर पडली, तर त्यातली 56 युनिटं महागड्या पायरीवर जातात. हा खेळ चालतोही बहुतेक रात्री, सौरऊर्जा मावळल्यावर, जेव्हा ग्रिडची मुख्य भिस्त कोळशावर असते.

फ्रिजवर, पंख्यावर, एसीवर ताऱ्यांचा पट्टा असतो. लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांतून जुळवलेल्या यंत्रावर तो नसतो, आणि लाखाच्या घरातलं ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याला ते वर्षाला किती युनिटं खाईल हे सांगायला कोणी बांधील नाही. हे तारे देणाऱ्या केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं हे काम हाती घ्यायला हवं. निदान कार्डाच्या खोक्यावर खेळतानाचे आणि रिकामं असतानाचे वॅट ठळक छापायला लावावेत. तोवर, मुलाला यंत्र घेऊन देणाऱ्या प्रत्येकानं दुकानात दोन प्रश्न विचारावेत: खेळताना किती वॅट, आणि नुसतं उभं असताना किती? उत्तर मिळालं नाही, तर यंत्र मीटरवर लावून दाखवा म्हणावं. त्याला दहा मिनिटं पुरतात.