सातासमुद्रापार जायचंय, पण बेतानं

अमेरिकेतून लेकीचा फोन येतो, ‘‘आई, डॉक्टरांनी मार्चची तारीख दिली आहे. तुम्ही दोघं फेब्रुवारीतच या आणि चांगले पाच-सहा महिने राहा.’’ घरात आनंदीआनंद होतो. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची दुपटी अशी यादी सुरू होते. वडील मात्र रात्री पेन्शनचं पासबुक काढून बसतात. दोघांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांत कित्येक महिन्यांची पेन्शन जाणार असते आणि जावयाकडून पैसे घ्यायला मन तयार होत नसतं.

आज हे दृश्य अनेक घरांत दिसतं. मग घाईघाईनं ‘सर्वात स्वस्त’ तिकीट काढलं जातं आणि पुढे तेच महागात पडतं. थोडी माहिती आधीच करून घेतली तर खर्चही आटोक्यात राहतो आणि प्रवासही सुखाचा होतो.

एकाच विमानात वेगवेगळं भाडं

एकेकाळी आंतरराष्ट्रीय भाडी विमान कंपन्या आपसात ठरवत आणि सरकारं त्यांवर शिक्कामोर्तब करत. १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांनी लंडन ते न्यूयॉर्क ही ‘स्कायट्रेन’ सेवा सुरू केली. भाडं होतं फक्त ५९ पौंड. १९८२ मध्ये त्यांची कंपनी बुडाली, पण सामान्य माणूसही महासागर ओलांडू शकतो हे सर्वांना कळून चुकलं.

आता एकाच विमानातल्या शेजारशेजारच्या दोन प्रवाशांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात. प्रत्येक विमानातल्या जागा निरनिराळ्या भाड्यांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढच्या महाग गटातल्या विकल्या जातात. म्हणूनच सुट्ट्यांचे दिवस टाळणं हा बचतीचा पहिला उपाय आहे. मे-जूनची सुट्टी, ऑगस्टमध्ये परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांची गर्दी आणि नाताळ या काळात भाडी चढलेली असतात. त्यामानानं फेब्रुवारीत किंवा दिवाळी उलटल्यावर ती उतरतात. आठवड्याच्या मधल्या वारी निघाल्यासही बऱ्याचदा फरक पडतो.

परतीची तारीख विचारपूर्वक

लांबच्या मुक्कामासाठी तिकीट काढताना ते किती दिवस चालेल हे आधी विचारा. काही स्वस्त तिकिटांची मुदत थोड्याच महिन्यांची असते, काहींची वर्षभराची. बहुतेक कंपन्या साधारण अकरा महिन्यांपुढचं आरक्षण देत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

अमेरिकेत किती दिवस राहता येईल, हे व्हिसावरच्या तारखेवरून नव्हे, तर तिथल्या विमानतळावर अधिकारी जी मुदत देतो तिच्यावरून ठरतं. पर्यटकांना ही मुदत साधारणपणे सहा महिन्यांची मिळते. म्हणून परतीची तारीख त्याच्या थोडी आतलीच घ्यावी.

बाळंतपणासाठी जाणाऱ्यांनी तर तारीख बदलण्याचं शुल्क विचारल्याशिवाय तिकीट काढूच नये. बाळ काही तिकिटावरची तारीख पाहून जन्माला येत नाही. अजिबात न बदलता येणाऱ्या तिकिटापेक्षा थोडं महाग, पण बदलता येणारं तिकीट अशा वेळी खरोखर स्वस्त ठरतं.

दोन तिकिटांचा मोह

समजा, मुंबई ते युरोप एक तिकीट आणि युरोप ते अमेरिका दुसरं, अशी वेगवेगळी तिकिटं काढली तर दोघांचे मिळून पंधरा हजार रुपये वाचतात. पण पहिलं विमान चार तास उशिरा पोहोचलं तर? दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी ठरता आणि ऐनवेळच्या भावानं नवीन तिकीट काढावं लागतं. शिवाय सामान घेऊन पुन्हा जमा करण्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर मात्र पुढच्या विमानाची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

विमान वाटेत बदलायचं असेल तर त्या देशाचा संक्रमण व्हिसा लागतो का, याची त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. हे नियम वरचेवर बदलतात. अमेरिकेत ज्या शहरात प्रथम उतराल तिथेच पासपोर्ट तपासणी होते आणि सामानही ताब्यात घ्यावं लागतं. पुढचं विमान निदान तीन तासांनंतरचं असावं.

वाटेतला मुक्काम

मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा कॅलिफोर्नियात असेल तर जाताना नेवार्कला उतरून परतताना सॅन फ्रान्सिस्कोहून निघता येतं. असं तिकीट अनेकदा साध्या जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या जवळपासच्या भावात मिळतं. वेगवेगळी एकेरी तिकिटं मात्र बहुधा महाग पडतात. अनेक खंड पाहायचे असतील तर विमान कंपन्यांच्या संघटनांचं जगप्रदक्षिणेचं तिकीटही असतं. ‘वनवर्ल्ड’च्या अशा तिकिटावर वर्षभरात जास्तीत जास्त १६ विमान प्रवास करता येतात.

हेही लक्षात ठेवा

• भाड्याची तुलना करताना सामानाचं वजन, जेवण आणि सर्व कर धरूनच बेरीज करा.

• आधीचा टप्पा न कळवता चुकवला तर पुढचे सगळे टप्पे सहसा रद्द होतात.

• नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने असावी.

• चालण्याचा त्रास असल्यास चाकाच्या खुर्चीची मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवा.

• प्रवासाचा आरोग्य विमा टाळून बचत करू नका. अमेरिकेत एका दिवसाचं इस्पितळही पेन्शनदाराला परवडणारं नाही.

एवढी काळजी घेतली की वडिलांना पासबुक मिटून ठेवता येईल आणि आईला लाडू वळायला घेता येतील. लेकीच्या दारात आपल्या पैशानं जाऊन उभं राहण्याचं समाधान काही वेगळंच असतं.