बालपणीचे घाव, प्रौढपणीची जोखीम

प्रतिकूल बालानुभव म्हणजे : अठराव्या वर्षाआधी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण, आई-वडिलांची ताटातूट, घरातल्या कुणाचा मानसिक आजार वा आत्महत्येचा प्रयत्न. कागदावर प्रकार वेगवेगळे. घरात ते बहुधा जोडीनेच येतात.

१९९८ : संशोधक फेलिटी व अँडा यांचा अमेरिकेतील अभ्यास प्रसिद्ध. त्यात तपासलेल्या प्रकारांपैकी चार किंवा अधिक भोगलेल्यांत दारू व अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम, एकही न भोगलेल्यांच्या ४ ते १२ पट.

जोखीम म्हणजे भाकीत नव्हे. असे बालपण गेलेले बहुतेक जण आत्महत्या करत नाहीत.

जोखीम वेळीच ओळखण्याची गावपातळीवरची सोय, उदाहरणार्थ वडीगोद्री (तालुका अंबड, जिल्हा जालना) : शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत राबवलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त जालनाही. त्यात नैराश्याची लक्षणे घरोघरी टिपण्याचे काम आशा सेविकांकडे.

कायदा : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत. तिला शिक्षा नाही. उपचार व पुनर्वसन सरकारचे कर्तव्य.

मदत (मोफत, २४ तास) : टेली-मानस १४४१६, मुलांसाठी १०९८.